रंगाऱ्याचे पाणी

आपली ज्ञाती रंगाऱ्यांची. नीळ, मंजिष्ठ, चुना, तुरटी यांवर पूर्वजांचा संसार चाले. त्यांचे सांडपाणी निर्मळ होते असे आम्ही म्हणणार नाही; ते थोडे होते, इतकेच. 1897 साली जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि तो धंदा हळूहळू बसला.

नवे रंग उन्हास व साबणास दाद देत नाहीत. हाच त्यांचा गुण. परंतु नदीतील सूक्ष्म जंतूंनाही ते सहजी पचत नाहीत. इचलकरंजीस 1904 साली पहिला यंत्रमाग आला. पुढे कापड वाढले, रंगाई वाढली व पंचगंगा नासली. ती नृसिंहवाडीस कृष्णेस मिळते, आणि आपल्या पाटणची कोयनाही कऱ्हाडास कृष्णेत मिसळून तेथेच येते. तेव्हा हे परगावचे गाऱ्हाणे नव्हे.

1974 साली जलप्रदूषणाचा कायदा झाला. शुद्धीकरणात प्रथम आम्ल व क्षार सम करतात, चुना-तुरटीने गाळ बसवितात, हवा खेळवून जंतूंकरवी मळ फोडतात व उरला रंग कोळशाने शोषून घेतात. जी तुरटी मंजिष्ठाचा रंग कापडास धरवी, तीच येथे रंग पाण्यातून ओढून काढते! मात्र पाण्यात पुरते विरघळणारे रंग तिला फारसे जुमानत नाहीत. आणि खाली बसलेला रंगीत गाळ नदीकाठी टाकला, तर पहिल्या पावसात तो पुन्हा नदीतच जावयाचा.