शर्यतीचे मैदान आणि इंग्रजी वाक्प्रचार

वाक्प्रचार समाजाच्या नित्य व्यवहारातून जन्म घेतात. व्यवहार मागे पडला तरी ते भाषेत टिकून राहतात. इंग्रजीतील स्पर्धावाचक शब्द या दृष्टीने उद्बोधक आहेत. सतराव्या शतकात दुसऱ्या चार्ल्सने न्यूमार्केट येथील घोड्यांच्या शर्यतींना राजाश्रय दिला. १७८० मध्ये एप्सम येथे डर्बीची शर्यत सुरू झाली. उमराव आणि सामान्य प्रेक्षक एकाच मैदानावर जमू लागले आणि तबेल्यातील परिभाषा तेथून संभाषणात व साहित्यात शिरली.

‘डार्क हॉर्स’ म्हणजे काळा घोडा नव्हे, तर ज्याचे गुण पैज लावणाऱ्यांना अज्ञात आहेत असा घोडा. बेंजामिन डिझरायलीच्या ‘द यंग ड्यूक’ (१८३१) या कादंबरीतील शर्यतीत तो अवचित पुढे येतो. पुढे अमेरिकेत हा शब्द राजकारणात रूढ झाला. १८४४ मध्ये बाल्टिमोर येथील डेमोक्रॅटिक अधिवेशनात नवव्या मतदानफेरीत उमेदवारी मिळवून अध्यक्षपदी पोहोचलेले जेम्स पोक हे त्याचे ठळक उदाहरण होय. ‘फर्स्ट पास्ट द पोस्ट’ ही निवडणूकपद्धती भारताने लोकसभेसाठी १९५१-५२ पासून स्वीकारली. परंतु येथे रूपक फसवे आहे. शर्यतीत खांब निश्चित असतो; या पद्धतीत मतांचा ठराविक आकडा गाठावा लागत नाही, इतरांहून एक मत अधिक पुरते.

सर्वांत अर्थपूर्ण प्रवास ‘हँडिकॅप’ या शब्दाचा आहे. मुळात हा वस्तूंच्या अदलाबदलीचा खेळ होता. दोन वस्तूंच्या किमतींतील अंतर पंच ठरवी; दोघे खेळाडू टोपीत हात घालून, मूठ भरलेली वा रिकामी बाहेर काढून आपली संमती वा नकार कळवीत. सॅम्युअल पेप्सच्या १६६० च्या दैनंदिनीत या खेळाचा उल्लेख आहे. टोपी पुढे करून भीक मागण्याशी या शब्दाचा संबंध जोडणारी लोकप्रिय व्युत्पत्ती निराधार ठरते. अठराव्या शतकात हीच पंचाची कल्पना शर्यतीत आली : सरस घोड्याच्या पाठीवर अधिक वजन द्यावयाचे, म्हणजे सर्वांना समान संधी मिळेल. तेव्हा ‘हँडिकॅप’ हे श्रेष्ठत्वाचे चिन्ह होते. पुढे ‘भार’ याचा अर्थ ‘अडचण’ असा झाला आणि विसाव्या शतकात हाच शब्द माणसाच्या शारीरिक उणिवेला चिकटला. समतेसाठी योजलेले वजन असे उपेक्षेची खूण बनले. भारतातील १९९५ आणि २०१६ च्या अपंगत्वविषयक कायद्यांनी आपल्या इंग्रजी शीर्षकांत हा शब्द वापरलेला नाही, हे लक्षणीय आहे.

मराठीतही घोडा आहे, पण त्याची दृष्टी वेगळी. ‘घोडामैदान जवळच आहे’ म्हणताना मराठी माणूस पैजेपेक्षा कसोटीचा विचार करतो. ‘डार्क हॉर्स’चा आशय व्यक्त करण्यास आपल्याकडे घोड्याचीही गरज पडत नाही, ‘छुपा रुस्तम’ शाहनाम्यातील वीराचे नाव घेऊन तेच सांगतो. म्हणून अनुवादकाने शब्दाचा पाठलाग न करता त्यामागील व्यवहार ओळखावा. अन्यथा अंधारातला घोडा मराठीत केवळ काळा होतो, आणि पाठीवरचे वजन कोणी, कशासाठी ठेवले होते, हेच विसरले जाते.