व्हेक्ट्रेक्सच्या रंगांचं माहेर

व्हेक्ट्रेक्स जमवणाऱ्याला नुसती कार्ट्रिज दाखवून भागत नाही. ‘ओव्हरले आहे का?’ हा त्याचा पहिला प्रश्न. ओव्हरले म्हणजे पडद्यापुढे बसवायची रंगीत, पारदर्शक प्लास्टिकची शीट, दर गेमची वेगळी. 1982चा हा अमेरिकी कन्सोल स्वतःचा नऊ इंची पडदा घेऊनच आला. टीव्हीवर चित्र ठिपक्यांचं बनतं. इथे इलेक्ट्रॉनची शलाका थेट रेघ ओढते. अंधारात ‘माइन स्टॉर्म’ लावा: सुरुंग सुईने कोरल्यासारखे लखलखतात, आणि आतली घरघर चित्रागणिक सूर बदलते. पण पडदा एकरंगी. रंग सगळा ओव्हरलेचा.

ही युक्ती आली कुठून? मॅग्नाव्हॉक्स ओडिसी या जुन्या घरगुती कन्सोलकडे बोट दाखवणं सोपं आहे. 1972 साली त्यानेही टीव्हीच्या काचेवर लावायच्या शीट दिल्या होत्या. पण मधल्या दहा वर्षांत घरोघरी रंगीत टीव्हीवरचे खेळ आले आणि ती चाल मागे पडली. त्याहून वजनदार दावा सिनेमॅट्रॉनिक्स या आर्केड कंपनीचा. तिच्या आर्केडमधल्या ‘स्टार कॅसल’ची वर्तुळं ओव्हरलेनेच रंगायची; ‘आर्मर अटॅक’मधलं गाव तर ओव्हरलेवरच छापलेलं. हे दोन्ही गेम पुढे व्हेक्ट्रेक्सवर आले. रेघांना रंग चढवायची कल्पना तिथली असेल, हे मला मान्य आहे.

पण आर्केडच्या कपाटात गेम एकच, म्हणून शीटही कायमची. गेम बदलला की यंत्राचं रूपही बदलायचं, ही रीत घरातूनच आली असं माझं ठाम मत आहे. व्हेक्ट्रेक्स ज्यांच्या स्मिथ इंजिनिअरिंगमध्ये घडला, त्या जे स्मिथ यांनीच 1979 साली मिल्टन ब्रॅडलीचा मायक्रोव्हिजन हा हातातला कन्सोल बनवला होता. त्याचा पडदा अवघ्या 16 बाय 16 ठिपक्यांचा! तेवढ्यात मैदान काय आणि भिंत काय दाखवणार? म्हणून यंत्राचा दर्शनी भागच कार्ट्रिजला जोडलेला होता. कार्ट्रिज बदलली की पडद्यावरचं छापील प्लास्टिकही बदलायचं. पडद्याला जे जमत नाही ते प्लास्टिककडून करून घ्यायचं, तेही दर गेमला नव्याने. तीन वर्षांनी त्याच माणसाच्या हाताखाली तीच अडचण आली आणि तोच तोडगा निघाला. याहून जवळचं नातं मला दिसत नाही.

व्हिडिओ गेमच्या धंद्यातल्या 1983च्या मंदीने व्हेक्ट्रेक्स बुडवला, 1984 साली तो बंद पडला. तरी जाता जाता त्याच्यासाठी थ्री-डी इमेजर नावाचा चष्मा निघाला. त्यात मोटरवर फिरणारी अर्धी काळी, अर्धी लाल-हिरवी-निळी चकती होती. काचेवरचा ओव्हरले आता थेट डोळ्यांपुढे गरगरत होता.