वाऱ्याचे कवाड

वैशाखात झांशीला वारा पुष्कळ असतो आणि तोच माणसाचा शत्रू असतो. पश्चिमेकडून येणारी लू बुंदेलखंडाच्या तापलेल्या खडकांवरून वाहत येते आणि दुपारी रस्ते ओस पाडते. इतिहासात या उन्हाने मोठे बळी घेतले आहेत. 1858 च्या एप्रिलमध्ये झांशी पडली, राणी लक्ष्मीबाई काल्पीकडे गेल्या आणि सर ह्यू रोझची फौज त्यांच्या मागे निघाली. 7 मे रोजी कोंच येथे लढाई झाली, तेव्हा शत्रूच्या गोळीइतकेच सूर्यानेही इंग्रज शिपाई लोळवले. खुद्द सेनापतीला त्या एका दिवसात अनेकदा ऊन लागले. अशा प्रदेशात वारा घरात केव्हा घ्यावा, कोणत्या वाटेने घ्यावा आणि केव्हा अडवावा, हा प्रश्न ऐषआरामाचा नव्हे, जीविताचा होता.

या प्रश्नाची उत्तरे झांशीच्या परिसरात दगडात कोरलेली आहेत. 1613 साली झांशीचा किल्ला उभारणाऱ्या वीरसिंहदेव बुंदेल्यानेच दतियाचा सातमजली महाल बांधला. त्याच्या भिंतींत जागोजागी दगडी जाळ्या आहेत. जाळीच्या लहान छिद्रांतून ऊन चाळले जाते आणि वारा आत येतो. पुढे झांशी मराठ्यांकडे आली. नारोशंकरांनी किल्ला वाढवला, शहर वसवले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथ हरी नेवाळकरांनी जो वाडा बांधला, तो आज राणीमहाल म्हणून ओळखला जातो. मधला मोकळा चौक आणि भोवती दुमजली दालने ही त्याची रचना मराठी माणसाला घरचीच वाटेल. चौकातली तापलेली हवा वर निघून जावी आणि दालनांत सावली राहावी, हा अशा रचनेचा लाभ असतो.

परंतु जाळीत एक उणीव आहे. ती वाऱ्याला वाट देते, पण ती वाट बंद करू शकत नाही. उलट लाकडी कवाड वाट बंद करते, पण वारा हवा त्या बाजूला वळवणे त्याला साधत नाही. वळवणे आणि अडवणे ही दोन कामे एकाच वस्तूकडून करून घ्यायची, हीच या कारागिरीतली खरी अडचण होय. कारण हलणाऱ्या वस्तूभोवती थोडी फट ठेवावीच लागते. फट ठेवली की हवा गळते. फट बुजवली, तर ती वस्तू हलत नाही.

ही अडचण पूर्वी माणसांच्या श्रमाने भागवली जात असे. वाळ्याच्या मुळांचे पडदे करून त्यांवर पाणी शिंपडण्याची युक्ती अकबराच्या दरबारात लोकप्रिय झाली होती. अबुल फजलने ‘आईने अकबरी’त तिची नोंद केली आहे. पश्चिमेच्या दारात वाळ्याची ताटी लावावी, बाकीची दारे बंद करावीत आणि भिश्त्याने मशकीतून पाणी मारीत राहावे. कोरडी लू ओल्या मुळांतून जाताना पाण्याची वाफ करते आणि त्या खटाटोपात स्वतःची उष्णता गमावते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात साहेबांच्या बंगल्यांत खिडकीला जोडलेले, ओल्या ताट्यांनी वेढलेले पंख्याचे एक अवजड यंत्रही आले; ते फिरवायला नोकर लागत. म्हणजे वाऱ्याची वाट उघडणे, मिटणे, वळवणे ही सारी कामे भिश्ती आणि पंखेवाले करीत. आत थंडावा राहावा म्हणून ते उन्हात उभे राहत.

रेल्वेने हा प्रश्न नव्याने मांडला. 1872 च्या सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत वाळ्याच्या ताट्यांचा उपयोग करून पाहण्यात आला. 1934 साली मुंबई–पेशावर मार्गावरील फ्रंटियर मेलला वातानुकूलित डबा जोडला गेला. त्यात बर्फाच्या लाद्यांवरून पंख्याने हवा खेळवीत आणि वाटेत नवा बर्फ भरून घेत. दरम्यान 1902 साली अमेरिकेत विलिस कॅरियर यांनी एका छापखान्यासाठी हवेचे तापमान व ओलावा या दोहोंना लगाम घालणारे यंत्र आखले होते. यंत्राने हवा थंड केली, तरी ती शेवटी एका लहानशा तोंडातूनच बाहेर पडते. जाळी आणि कवाड यांचा जुना वाद मग त्या तोंडाशी येऊन ठेपला.

त्यावर निघालेला तोडगा कामाच्या वाटणीचा आहे. दिसणाऱ्या तोंडावर पट्ट्यांच्या दोन रांगा असतात, एक आडवी व एक उभी. त्या केवळ दिशा देतात. बंद करण्याचे काम त्यांच्या मागे लपलेली झडप करते. तिची पाती आळीपाळीने उलटसुलट फिरून एकमेकींच्या कडेवर टेकतात आणि कडांना लावलेली रबराची पट्टी उरलेली फट बुजवते. थंड हवा जड असते. ती थेट खाली सोडली तर डोक्यावर कोसळते. म्हणून पट्ट्या किंचित वर वळवतात. मग हवा छताला बिलगून दूरवर जाते आणि सावकाश उतरते. पावसाळ्यात या फटींची परीक्षा होते: ओलसर हवा थंड धातूला लागली की दव धरते आणि पाणी टपकू लागते.

1988 साली शताब्दी एक्सप्रेस सुरू झाली. आरंभीच्या काळात ती दिल्लीहून झांशीपर्यंत धावत असे. काचबंद खिडक्यांच्या त्या गाडीतून येणारा प्रवासी लू पाहू शकत होता, पण ती त्याला स्पर्श करीत नव्हती. मात्र थंडाव्याची किंमत त्यामुळे संपली नाही. झांशीजवळ बेतवेकाठी पारीछा येथे 1984 पासून कोळशावर वीज होऊ लागली. पूर्वी भिश्ती थकला की घरातल्या माणसाला ते लगेच कळे, कारण ताटी सुकत असे. आता सैल झडपेतून थंड हवा गळत राहिली, तरी खोलीतल्या माणसाला काहीच जाणवत नाही. यंत्र तेवढे अधिक वेळ चालते, आणि कुठेतरी तेवढा कोळसा अधिक जळतो.