दोन ठोक्यांमधली उसंत

हृदयविकार म्हटला की छातीतली कळ आठवते, नाहीतर मनगटातून नळी घालून केलेली अँजिओग्राफी. त्याआधी हृदयाच्या रोहिण्यांत वर्षानुवर्षे गुपचूप थर साचत असतात. कमी मात्रेच्या सीटी स्कॅनमुळे ते आता बाहेरूनच पाहता येतात. हा विषय केवळ यंत्रवाल्यांचा नाही, एवढे वाचकांना पटावे, ही या पुस्तकाची इच्छा.

१९७१ साली लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला. मेंदू बिचारा स्वस्थ पडून राहतो. हृदय मिनिटाला सत्तरदा हलते. म्हणून पुढे हृदयाच्या स्कॅनमध्ये ठोकाभर किरण चालू ठेवून त्यातले बरे चित्र निवडले जाई, आणि किरणांची मात्रा सहज दहा-बारा मिलिसिव्हर्टवर (हे तिचे एकक) जाई. मग किरण नेमके कधी सोडायचे हेही ईसीजीच्या मदतीने ठरवले जाऊ लागले. हृदय रक्ताने भरत असताना क्षणभर जवळजवळ निवांत असते. तेवढ्यापुरतेच किरण सोडायचे. नाडी साठच्या आसपास आणणारी गोळी, रोखलेला श्वास आणि ही उसंत साधली की निम्म्याहून कितीतरी कमी किरणांत काम होते. मला या शास्त्रातले हे सर्वांत देखणे कसब वाटते.

थरांतले कॅल्शियम मोजणारा कॅल्शियम स्कोअर तर याहून साधा. त्याला शिरेतून औषध लागत नाही आणि मात्रा साधारण एक मिलिसिव्हर्ट. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिळतातच. ही मोजणी आर्थर अ‍ॅगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली. मात्र शून्य आकडा पाहून पेढे वाटू नका. मऊ थरांत कॅल्शियम नसते, आणि तरुण रुग्णांत तेच फसवतात.

स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४,१४६ रुग्णांचा अभ्यास झाला. निम्म्यांना नेहमीच्या तपासण्यांसोबत सीटी अँजिओग्राफीही मिळाली. पाच वर्षांत हृदयविकाराचा झटका किंवा हृदयविकाराने मृत्यू स्कॅनच्या गटात २.३ टक्क्यांना, दुसऱ्यात ३.९ टक्क्यांना आला. स्कॅनने कुणी बरे होत नाही. थर दिसल्यावर योग्य माणसाला औषध सुरू झाले, असा या फरकाचा अर्थ लावला जातो.

वाचकांनी आकड्यांची प्रकरणे खुशाल मागे ठेवावीत. आधी घरातला एखादा जुना ईसीजीचा कागद काढा. दोन ठोक्यांच्या मधली सपाट रेघ शोधा आणि तिच्यावर बोट ठेवा. चित्र बहुधा तिथेच घेतले जाते.