पहिल्या वर्षानंतरची कोंबडी

हौसेने पाळलेली, भरपूर अंडी देणारी संकरित कोंबडी दोन-तीन वर्षांची झाली की बरेचदा पोट फुगून, धापा टाकत बसते. पाळणाऱ्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. खाणं बदललं, खुराडं धुतलं, तरी फरक नाही. याचं मूळ खुराड्यात सापडत नाही. त्यासाठी सव्वाशे वर्षांपूर्वीच्या नोंदवह्या बघाव्या लागतात.

अमेरिकेत मेन राज्याच्या कृषी प्रयोग केंद्रात 1898 पासून ट्रॅपनेस्ट वापरून निवड पैदास सुरू झाली. कोंबडी अंडं घालायला खोक्यात शिरली की दार आपोआप बंद व्हायचं. मग माणूस येऊन तिच्या पायातल्या कडीवरचा नंबर बघायचा, अंड्याची नोंद करायचा आणि तिला सोडायचा. त्याशिवाय कळपातलं कुठलं अंडं कुणाचं, हे सांगणार कसं? पहिल्या वर्षात किमान 160 अंडी दिलेली तलंगच पैदाशीला ठेवायची, असा नियम होता.

1907 मध्ये तिथे जीवशास्त्रज्ञ रेमंड पर्ल आले. त्यांनी सगळे आकडे तपासले आणि दहा वर्षांच्या निवडीनंतरही सरासरी वाढलेली नाही, हे दाखवून दिलं. नुसतं आईचं उत्पादन बघून भागत नाही, तिच्या लेकींचंही बघावं लागतं, हा त्यातला मुद्दा. पुढे पैदासकारांच्या पद्धती सुधारत गेल्या. रानकोंबडी वर्षाला डझन-दीड डझन अंडी घालते, आजची लेअर 300च्या आसपास.

पण मोजलं काय, ते बघा. अंडी, आणि तीही तरुणपणातली. फार्मवरची कोंबडी साधारण दीड वर्षात काढून टाकतात, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा कॉलम वहीत यायचं कारणच नव्हतं. आकडे चोख होते, कुणी खोटं लिहिलं नाही; तरी माझ्या मते या डेटातली सगळ्यात मोठी गोष्ट तो नसलेला कॉलमच आहे. (गंमत म्हणजे याच पर्लनी 1928 मध्ये आयुर्मानावर ‘द रेट ऑफ लिव्हिंग’ हे पुस्तक लिहिलं. त्यात प्रयोग होते फळमाश्यांवर आणि खरबुजाच्या रोपांवर!)

शरीराला मात्र हिशेब चुकवावाच लागतो. एका कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम जातं, त्यातलं काही हाडांतून येतं. म्हणून हाडं ठिसूळ होतात. बलक अंडनलिकेत न जाता पोटात पडला तर तिथे संसर्ग होतो. 1971 मध्ये इजिप्तचे डॉक्टर महमूद फताल्ला यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं की सततच्या बीजोत्सर्गाचा स्त्रियांच्या अंडाशयाच्या कर्करोगाशी संबंध असावा. कोंबडीला हा कर्करोग आपोआप होतो आणि वयाबरोबर वाढतो, म्हणून ती पुढे प्रयोगशाळेत या आजाराचं मॉडेल ठरली.

ब्रिटनमध्ये 2005 पासून एक संस्था फार्मवरून काढलेल्या कोंबड्या घरोघरी देते. वहीत न आलेलं तिसरं वर्ष असं लोकांच्या अंगणात उतरलं. अशांनी आठवड्याला वजन करावं, पोट हाताने चाचपावं, हिवाळ्यात जादा दिवे लावून अंडी काढू नयेत. काही देशांत पशुवैद्य डेस्लोरेलिन नावाचं छोटं रोपण त्वचेखाली बसवतात. अंडी थांबतात, कोंबडीला उसंत मिळते. काही महिन्यांनी परिणाम ओसरतो, आणि ती पुन्हा अंड्यावर येते.