एका नोटेतलं संस्थान

स्मरणिकेसाठी 'परभणीचा जुना इतिहास' लिहा, असं समितीनं सांगितलं तेव्हा मी कपाटातली लोखंडी पेटी उघडली. तीत आजीनं जपलेला चांदीचा एक रुपया आणि निजामाच्या काळातली एक नोट आहे. 'जे पिंडी ते ब्रह्मांडी' असं आपण म्हणतो. गंगाखेडच्या जनाबाईंना विठोबा जात्यापाशी भेटला. बँकेत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला जे दिसायचं ते नोटेतच दिसणार!

आधी रुपया. एका बाजूला चारमिनार आणि त्याच्या कमानीत 'ऐन' हे अक्षर, म्हणजे शेवटचे निजाम उस्मान अली खान यांच्या नावातलं पहिलं अक्षर. त्यांचे वडील महबूब अली यांच्या नाण्यावर त्याच जागी 'मीम' असे. इमारत तीच, मालक बदलला की दारातलं अक्षर बदललं. आपल्याकडे फ्लॅट विकला की पाटी बदलते, तसंच.

या रुपयाला आपले लोक 'हाली' म्हणत आणि इंग्रजांच्या रुपयाला 'कलदार'. सात हालीला सहा कलदार, असा हिशेब. हैदराबाद संस्थानाचं नाणं, टपाल, रेल्वे सगळं स्वतःचं होतं. कागदी नोटा १९१८ पासून आल्या, पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली म्हणून.

आता नोट बघा. उर्दूचा मान सगळ्यात मोठा. शिवाय इंग्रजी, आणि लहान अक्षरांत तेलुगू, मराठी, कन्नड. संस्थानातली बहुसंख्य प्रजा या शेवटच्या तीन भाषा बोलणारी, पण कचेरी उर्दूत, कोर्ट उर्दूत, १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. मराठीला नोटेवर जेवढी जागा, तेवढीच राज्यात. आमचे वडील उर्दूतूनच शिकले, आणि त्यांचं उर्दू अक्षर फार सुंदर होतं, हेही सांगायला हवं. अजूनही इनाम जमिनीचा वाद निघाला की कुणीतरी जुना मुंतखब काढतं आणि वाचणारा शोधत फिरावं लागतं.

१९४८ साली रझाकारांच्या भीतीनं आमचं घर हिंगोलीकडून पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेलं. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. वेगळा जिल्हा १ मे १९९९ ला झाला, आपली सोसायटी उभी राहिली त्याच सुमारास. माझा जन्म नंतरचा, त्यामुळे हे सगळं आजीच्या तोंडून ऐकलेलं. तिनं लुगड्याच्या ओच्यात बेचाळीस हाली रुपये बांधून नेले. हिशेबानं छत्तीस कलदार यायला हवे होते. पलीकडच्या दुकानदारानं सातला पाच असा भाव लावला आणि तीस हातावर ठेवले. नदी तीच, दोन्ही काठांवर मराठीच, अन् पाण्यातून पलीकडे गेलं की पैशाची किंमत उतरते! आजीला घर सोडल्याचं दुःख होतंच, पण मरेपर्यंत ती 'माझे सहा रुपये' म्हणायची. हैदराबाद हे दुसरं राज्य आहे, हे तिला त्या दिवशी कळलं. एक रुपया मात्र तिनं मोडला नाही. तोच हा.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत आल्या आणि १७ तारखेला संस्थान शरण आलं. हाली मात्र लगेच गेला नाही. १९५० साली भारतीय रुपया आला, दोन्ही बरोबर चालले, १९५१ नंतर नवा हाली निघाला नाही, आणि कायद्यानं तो बाद झाला १९५९ साली. राज्य गेल्यावर अकरा वर्षं पैसा उरला. बँकवाल्याला यात नवल वाटत नाही. माणसं राजा लवकर विसरतात, गाठीचा पैसा नाही.

त्याआधीच, १ नोव्हेंबर १९५६ ला संस्थानाचे तुकडे झाले. तेलंगणा आंध्रात, कन्नड जिल्हे म्हैसूर राज्यात, आणि औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे आपले पाच मुंबई राज्यात. बिदरमधून उदगीर, निलंगा, अहमदपूर आपल्याकडे आले. म्हणजे नोटेवरच्या त्या तीन बारीक ओळींवरूनच कात्री चालली! इतकी वर्षं ती नोट लोकांच्या खिशात होती.

कुणाला पाहायची असेल तर संध्याकाळी घरी या, मुलांनाही आणा. रुपया हातात घेऊन बघा. नोट मात्र प्लास्टिकच्या पाकिटातूनच बघायची, घडीवर फाटत चालली आहे.