ॲपलने इंटेलची साथ का सोडली? मॅकच्या स्वतःच्या चिपची गोष्ट, आणि जुन्या मॅकचे पुढे काय

अमेरिकेतील ॲपल कंपनीने २०२० ते २०२३ या काळात आपल्या सर्व मॅक संगणकांतून इंटेलचे प्रोसेसर काढले आणि त्यांच्या जागी स्वतः रचना केलेल्या चिप बसवल्या. या चिपना ‘ॲपल सिलिकॉन’ म्हणतात. मॅकसाठी बनलेली त्यातली पहिली म्हणजे एम१. मुख्य कार्यकारी अधिकारी टिम कुक यांनी २२ जून २०२० रोजी ही घोषणा केली. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला पहिले तीन संगणक जाहीर झाले. जून २०२३ मध्ये मॅक प्रो बदलला आणि नव्या मॅकमधला इंटेल संपला. पण लाखमोलाचा इंटेल मॅक ज्यांच्या टेबलावर अजून धडधाकट चालतो आहे, त्यांच्यासाठी या बदलाचा शेवटचा टप्पा आता कुठे सुरू झाला आहे.

चिप बदलणे म्हणजे काय?

प्रत्येक प्रोसेसरला ठरावीक आज्ञाच कळतात. इंटेलच्या चिपची भाषा एक्स८६, तर ॲपलच्या चिपची भाषा आर्म. एकीसाठी तयार केलेले सॉफ्टवेअर दुसरीवर थेट चालत नाही. फक्त मराठी वाचता येणाऱ्याच्या हातात कन्नडमधला उतारा द्यावा, तसा हा प्रकार. कागद खरा, माहितीही बरोबर, पण उपयोग शून्य. त्यामुळे चिप बदलायची तर हजारो कंपन्यांनी लिहिलेली सॉफ्टवेअर नव्या चिपसाठी पुन्हा तयार करावी लागतात, आणि ती होईपर्यंत जुनी कशीतरी चालवून दाखवावी लागतात. म्हणूनच संगणक कंपन्या या वाटेला सहसा जात नाहीत.

मॅकचा हा तिसरा संसार

ॲपलला मात्र याची सवय होती. १९८४ चा पहिला मॅकिंटॉश मोटोरोलाच्या ६८००० या चिपवर चालत होता. १९९४ मध्ये ॲपल पॉवरपीसीकडे वळली. ही चिप ॲपल, आयबीएम आणि मोटोरोला यांच्या युतीतून आली होती. पुढे पॉवरपीसीची जी५ चिप इतकी तापू लागली की ती लॅपटॉपमध्ये बसवणे जमलेच नाही. शेवटी जून २००५ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी इंटेलकडे जाण्याची घोषणा केली. जानेवारी २००६ मध्ये पहिले इंटेल मॅक आले आणि त्याच वर्षी ऑगस्टपर्यंत सगळे मॅक बदललेही.

पहिल्या दोन्ही वेळी ॲपल एका पुरवठादाराकडून दुसऱ्याकडे गेली होती. तिसऱ्या वेळी पुरवठादाराची जागा तिने स्वतः घेतली. खरा फरक हाच.

इंटेलशी का बिनसले?

दशकभरातच जुने दुखणे उलटले. ॲपलला पातळ, हलके आणि कमी तापणारे लॅपटॉप हवे होते. इंटेलचे १० नॅनोमीटरचे उत्पादनतंत्र मात्र काही वर्षे रखडले. मॅकचे नवे मॉडेल कधी काढायचे आणि त्याचा वेग किती असेल, हे ॲपलऐवजी इंटेलच्या वेळापत्रकावर ठरू लागले. शिवाय इंटेलला डेल, एचपी, लेनोव्हो अशा सगळ्याच गिऱ्हाइकांना चालेल अशी चिप बनवावी लागत होती. एकट्या ॲपलच्या मापाचा अंगरखा तिथे शिवून मिळणे कठीणच होते.

तयारी आयफोनमध्ये झाली

एम१ काही एका रात्रीत जन्मली नाही. १९९० मध्ये ब्रिटनमध्ये आर्म कंपनी स्थापन झाली, तेव्हा एकॉर्न आणि व्हीएलएसआय यांच्यासोबत ॲपलही भागीदार होती. २००८ मध्ये ॲपलने पी. ए. सेमी ही चिपची रचना करणारी कंपनी विकत घेतली. त्याच वर्षी जॉनी स्रूजी ॲपलमध्ये आले आणि पुढे चिप विभागाचे प्रमुख झाले. २०१० मध्ये आयपॅड आणि आयफोन ४ मध्ये ए४ ही चिप बसली. २०१२ च्या ए६ मध्ये ॲपलने स्वतः रचलेला गाभा, म्हणजे कोअर, वापरला. २०१३ ची ए७ ही फोनमधली पहिली ६४ बिटची चिप ठरली. थोडक्यात, मॅकला हात लावण्याआधी दहा वर्षे हा प्रयोग कोट्यवधी फोनवर चालू होता.

‘स्वतःची चिप’ या शब्दांचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. आज्ञांची भाषा आर्मच्या परवान्याने घेतलेली आहे. प्रत्यक्ष चिप तैवानची टीएसएमसी ही कंपनी बनवते. रचना तेवढी ॲपलची. म्हणजे इंटेलवरचे अवलंबित्व गेले, पण टीएसएमसीवरचे वाढले.

एम१ मध्ये वेगळे काय होते?

एम१ पाच नॅनोमीटर तंत्राने बनली आणि तिच्यात १६ अब्ज ट्रान्झिस्टर होते. आठ कोअरपैकी चार जड कामासाठी आणि चार कमी वीज खाऊन किरकोळ कामे उरकण्यासाठी होते. ग्राफिक्सचा भाग त्याच चिपवर होता. मेमरीही त्याच पॅकेजमध्ये होती आणि ती दोघांत सामाईक होती, त्यामुळे माहिती इकडून तिकडे हलवण्याचा खटाटोप वाचला. मॅकबुक एअरमधला पंखाच काढून टाकता आला. एका चार्जिंगवर व्हिडिओ पाहण्याचा ॲपलने सांगितलेला कमाल वेळ १२ तासांवरून १८ तासांवर गेला.

रोझेटा: मधला दुभाषी

चिप कितीही चांगली असली तरी जुनी सॉफ्टवेअर चालली नसती तर गिऱ्हाईक फिरकले नसते. त्यासाठी ॲपलने ‘रोझेटा २’ दिले. इंटेलसाठी लिहिलेले सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडताना किंवा बसवताना ते त्याचा बराचसा भाग आर्मच्या भाषेत उतरवून ठेवते.

यात एक मेख होती. मेमरीत माहिती लिहिण्याचा क्रम इंटेलची चिप काटेकोर पाळते, आर्म तितका पाळत नाही. हा फरक फक्त सॉफ्टवेअरने सांभाळला तर वेग मार खातो. म्हणून ॲपलने चिपमध्येच इंटेलसारखा क्रम पाळण्याची सोय करून ठेवली. चिप आणि सॉफ्टवेअर एकाच घरात बनल्याचा फायदा म्हणतात तो हा.

हातचे काय गेले?

मेमरी पॅकेजमध्येच असल्याने ती मागाहून वाढवता येत नाही. खरेदीच्या दिवशी ८ जीबी घेतली, तर शेवटपर्यंत ८ जीबीच. २०१९ च्या इंटेल मॅक प्रोमध्ये दीड टेराबाइटपर्यंत मेमरी बसत होती. २०२३ च्या मॅक प्रोची मर्यादा १९२ जीबी झाली. बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडण्याची सोयही गेली.

मराठी छपाईच्या धंद्याला टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. या धंद्यात युनिकोडच्या आधीचे फाँट आणि विंडोजवरची डीटीपी सॉफ्टवेअर अजून वापरात आहेत. इंटेल मॅकवर ‘बूट कॅम्प’ने विंडोज टाकून ती चालवता येत होती. नव्या मॅकवर बूट कॅम्प नाही आणि रोझेटा इंटेलचे विंडोज चालवत नाही. आर्मसाठीचे विंडोज ११ पॅरलल्सच्या साहाय्याने चालते; मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये त्याला अधिकृत मान्यताही दिली. पण सॉफ्टवेअरला यूएसबीचे डोंगल लागत असेल आणि त्याचा ड्रायव्हर आर्मसाठी बनलेला नसेल, तर वर्षानुवर्षांच्या फायली समोर असूनही उघडणार नाहीत. अशा ठिकाणी जुना संगणक मोडीत काढण्याआधी सगळे काम युनिकोडमध्ये आणि पीडीएफमध्ये उतरवून घेतलेले बरे.

इंटेल मॅक असेल तर

सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली मॅकओएस २६, म्हणजे ‘टाहो’, ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची प्रणाली आहे. तीही चारच मॉडेलवर चालते: २०१९ चा १६ इंची मॅकबुक प्रो, २०२० चा चार थंडरबोल्ट पोर्टवाला १३ इंची मॅकबुक प्रो, २०२० चा २७ इंची आयमॅक आणि २०१९ चा मॅक प्रो. ॲपलने सांगितल्यानुसार या मॉडेलना तीन वर्षे सुरक्षेचे अपडेट मिळतील. त्यानंतर यंत्र चालेल, पण बँकेचे व्यवहार आणि महत्त्वाची कामे त्यावर करणे जोखमीचे होईल.

नवा मॅक घेतलेल्यांनाही एक तारीख लक्षात ठेवावी लागेल. रोझेटा सर्वसाधारण वापरासाठी मॅकओएस २७ पर्यंतच राहणार आहे. त्यापुढे काही जुन्या गेमपुरता तिचा थोडा भाग उरेल. पॉवरपीसीच्या वेळी आलेली पहिली रोझेटाही २०११ मध्ये अशीच काढून टाकली होती.

आपल्या मॅकमध्ये कोणती चिप आहे हे पाहायचे, तर डाव्या कोपऱ्यातल्या ॲपलच्या चिन्हावर क्लिक करून ‘अबाउट धिस मॅक’ उघडावे. ‘चिप’ या शब्दापुढे एम१, एम२ असे दिसले तर मॅक नवा; ‘प्रोसेसर’पुढे इंटेल दिसले तर जुना. मॅक नवा असला तरी ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’मधला ‘काइंड’ हा रकाना पाहावा. ज्या सॉफ्टवेअरपुढे ‘इंटेल’ लिहिलेले असेल ते आज दुभाष्याच्या भरवशावर चालले आहे. त्याची आर्मसाठीची आवृत्ती आली आहे का, हे दुभाषी जाण्याआधीच विचारून ठेवावे.